दगडातला हत्ती वाचायचा कसा

मागच्या हिवाळ्यात आत्याला घेऊन वेरूळला गेलो होतो. कैलास लेण्याला अर्धी फेरी मारून झाल्यावर ती दमून बसली आणि समोरच्या जोत्याकडे बघून म्हणाली, "अरे किती हत्ती हे, आणि सगळे असे मंदिराच्या खाली कशाला कोंबलेत?" शेजारून एक ग्रुप चालला होता, त्यातल्या कोणीतरी लगेच सांगितलं की हत्ती म्हणजे वैभव, राजाची श्रीमंती. आत्याला काही ते पटलं नाही, कारण तिच्या मते श्रीमंती दाखवायची तर हत्ती वर ठेवतील ना, पायाशी कशाला. मला तिचा प्रश्न एकदम बरोबर वाटला.

म्हणून हे लिहितोय. "हत्ती म्हणजे काय" असा प्रश्न विचारला की वैभव, ताकद, बुद्धी अशी ठरलेली उत्तरं येतात आणि ती कुठल्याही हत्तीला चिकटवता येतात, त्यामुळे समोरच्या शिल्पाबद्दल काहीच कळत नाही. त्याऐवजी दोनच गोष्टी बघायच्या, हा हत्ती कुठं आहे आणि काय करतोय. अर्थ त्यातूनच निघतो. हत्ती हिंदू मंदिरातला आहे की बौद्ध लेणीतला हे सगळ्यात शेवटी बघा, कारण सुरुवातीलाच ते ठरवलं तर हमखास फसायला होतं.

आधी जागा बघा

मंदिरासमोर गेलात की एकदम कळसाकडे बघू नका, जमिनीपासून सुरुवात करा. जोत्यावर हत्तींची रांग असेल तर त्याला गजथर म्हणतात. कैलासचं जोतं म्हणजे याचा सगळ्यात भारी नमुना. मंदिर राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळातलं, म्हणजे ८ वं शतक, अख्खं डोंगरातून वरून खाली कोरत आणलेलं, आणि खाली हत्ती आणि सिंह असे काढलेत की सगळा डोलारा त्यांनीच पाठीवर घेतलाय असं वाटतं. नीट बघा, काही हत्ती सोंडेनं कमळं उपटतायत, काही एकमेकांकडे वळलेत, काहींची सिंहाशी झटापट चाललीय. आत्याच्या प्रश्नाचं उत्तर इथंच आहे. हत्ती खाली आहेत कारण भार तेच पेलतात. आपल्याकडे जुनी कल्पना आहे की आठ दिशांना आठ हत्ती उभे राहून पृथ्वी धरून ठेवतात, ऐरावत, पुंडरीक, वामन, कुमुद, अंजन, पुष्पदंत, सार्वभौम आणि सुप्रतीक, हे ते अष्टदिग्गज. एखाद्या क्षेत्रातल्या मोठ्या माणसाला आपण सहज "दिग्गज" म्हणतो तो शब्द इथलाच! मंदिर म्हणजे छोटं जग धरलं तर त्याच्या खाली हत्ती असणारच.

कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यात खिद्रापूरचं कोपेश्वर मंदिर आहे, तिथं हेच अजून जवळून बघता येतं, कारण तिथले हत्ती साधारण आपल्या हाताच्या उंचीवर आहेत आणि त्यांच्या पाठीवर देवदेवता बसल्यात. बरेच तुटलेत, सोंडा गेल्यात, तरी मंदिराला पूर्ण फेरी मारा आणि प्रत्येक हत्तीपाशी थांबा, दागिने, झूल, वर बसलेली मूर्ती सगळं बदलत जातं. कर्नाटकात बेलूर-हळेबीडला जाणार असाल तर तिथंही सगळ्यात खालचा थर हत्तींचाच, त्याच्या वर सिंह, आणि अजून वर घोडेस्वार. जड खाली आणि चपळ वर, ही रचना एकदा डोक्यात बसली की मग कुठलंही देऊळ बघताना नजर आपोआप खालून वर जाते.

आता बौद्ध लेणी. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या, म्हणजे स्तूप असलेल्या प्रार्थनेच्या दालनाच्या, ओसरीत शिरलात की डाव्या-उजव्या भिंतींना तीन-तीन हत्ती आहेत, फक्त पुढचा अर्धा भाग, जणू भिंतीतून बाहेर पडतायत, आणि त्यांच्या डोक्यावर मजल्यांवर मजले कोरलेत. म्हणजे इथंही भार हत्तीवरच. सुळ्यांच्या जागा नीट बघा, तिथं बहुधा वेगळे सुळे बसवलेले असावेत, लाकडाचे किंवा खऱ्या हस्तिदंताचे. मग आत जाऊन खांबांच्या वरच्या टोकाकडे मान वर करा. मधल्या दालनाकडे तोंड करून गुडघे टेकलेले हत्ती आणि त्यांच्यावर बसलेली जोडपी दिसतील, मागच्या बाजूला मात्र बहुतेक घोडे. बहुतेक लोक स्तूपापर्यंत सरळ जातात आणि सरळ परत येतात, खांबांच्या मागच्या अंधाऱ्या बाजूनं जातच नाहीत, तुम्ही जा. चैत्याचं तोंड पश्चिमेला आहे त्यामुळे दुपारनंतर आत उजेड चांगला असतो.

दुसरी जागा म्हणजे दार. अजिंठ्याच्या १६ नंबर लेणीला खालून, नदीच्या बाजूच्या पायऱ्यांनी येतानाच्या दाराला दोन्ही बाजूंना हत्ती आहेत. ही लेणी वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव यानं करवली. ७ व्या शतकात चिनी भिक्खू ह्युएन त्सांग महाराष्ट्रात आला, त्यानं इथल्या एका मोठ्या विहाराचं, म्हणजे भिक्खूंच्या मठाचं, वर्णन करताना लिहिलंय की दाराबाहेर उत्तरेला आणि दक्षिणेला एकेक दगडी हत्ती आहे आणि लोक म्हणतात की ते कधीकधी गर्जना करतात तेव्हा जमीन हादरते. ते वर्णन अजिंठ्याचंच असं बहुतेक अभ्यासक मानतात. दारातला हत्ती लोकांना नुसता शोभेचा वाटत नव्हता, तो जागा आहे असं वाटत होतं, हे यातून कळतं आणि मला ते फार आवडतं. त्याच माणसानं इथल्या राजाच्या, म्हणजे दुसऱ्या पुलकेशीच्या, सैन्यातल्या हत्तींना लढाईआधी दारू पाजून सोडायचे हेही लिहून ठेवलंय. असा हत्ती ज्यांनी समोर बघितलाय त्यांना दारातल्या दगडी हत्तीची भीती आणि आधार दोन्ही वाटत असणार.

कन्नडजवळचं पितळखोरं जमलं तर बघाच, गौताळ्याच्या जंगलात, बरंच खाली उतरावं लागतं. तिथं जोत्यावर हत्तींची रांगही आहे आणि दारात द्वारपालही, म्हणजे दोन्ही जागा एकाच ठिकाणी.

हत्ती आणि पाणी

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग. शिल्पात कुठेही मधे बाई बसलेली किंवा उभी, खाली कमळ, दोन्ही बाजूंना हत्ती आणि त्यांच्या सोंडेत घडे असं दिसलं की ती गजलक्ष्मी. कैलास लेण्यात शिरल्या शिरल्या समोरच आहे, पण लोक तिला ओलांडून पुढे पळतात. थांबा आणि हत्ती मोजा. वरचे दोन तिच्यावर घडे उपडे करतायत आणि खालचे दोन छोटे तळ्यातून घडे भरून घेतायत, आणि तळं म्हणजे सगळी कमळाची पानं. कोरणाऱ्यानं पाणी भरणं आणि ओतणं दोन्ही एकाच चौकटीत दाखवलंय.

हे हत्ती म्हणजे ढग. काळे, जड, गडगडणारे, आणि सोंडेतून पाणी सोडणारे. लक्ष्मी म्हणजे जमीन पिकली की येणारी लक्ष्मी, आणि जमीन पिकते पावसानं. हे काही मी ओढून ताणून जोडत नाहीये, आपल्या घरातच याचे पुरावे आहेत. भोंडल्याला पाटावर हत्ती काढून मुली त्याच्याभोवती फेर धरतात, तेव्हा सूर्य हस्त नक्षत्रात असतो आणि हस्ताच्या पावसाला आपण हत्तीचाच पाऊस म्हणतो. पंचांगात पावसाच्या प्रत्येक नक्षत्राचं वाहन दिलेलं असतं, ते हत्ती, म्हैस किंवा बेडूक असलं की शेतकरी खूश. आत्याला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे आम्ही लहानपणी पाटावर काढायचो तो हाच होय," आणि मग गजलक्ष्मीसमोरून दहा मिनिटं हललीच नाही.

गोव्यात आणि तळकोकणात हीच गजलक्ष्मी गावदेवी म्हणून पुजली जाते, कुठं केळबाय म्हणून, कुठं भावका म्हणून. तिकडच्या देवळात गेलात तर मूर्तीच्या वरच्या कोपऱ्यात हत्ती आहेत का ते बघा. आणि घरात भरभराट असली की आपण "गजांतलक्ष्मी" म्हणतो, तिथंही हत्ती आलाच.

आता फसण्याची जागा. गजलक्ष्मी दिसली म्हणजे हिंदू मंदिर असं नाही. सांचीच्या तोरणांवर ती आहे, जुन्नरला मानमोडीच्या डोंगरात बौद्ध चैत्याच्या कमानीवर कमळाच्या पाकळ्यांमध्ये ती आहे. सांचीतल्या या शिल्पांना काही अभ्यासक मायादेवी, म्हणजे बुद्धाचा जन्म, असंही मानतात. माझं मत विचाराल तर पावसाची आणि भरभराटीची ही खूण सगळ्यांची सामाईक होती आणि ज्यानं त्यानं आपल्या दारावर ती लावली.

बौद्ध गोष्टीतही पाणी आहेच. जातक म्हणजे बुद्धाच्या आधीच्या जन्मांच्या गोष्टी, त्यातल्या वेस्संतर जातकात राजपुत्राकडे एक पांढरा हत्ती असतो, तो जिथं जाईल तिथं पाऊस पडतो. कलिंग देशात दुष्काळ पडतो, तिथले ब्राह्मण येऊन हत्ती मागतात आणि हा देऊन टाकतो, मग स्वतःच्याच राज्यातली माणसं चिडून त्याला हाकलून देतात. का चिडले हे "हत्ती म्हणजे वैभव" एवढ्यावर समजतच नाही, हत्ती म्हणजे पाऊस धरला की लगेच समजतं. ही गोष्ट अजिंठ्याच्या १७ नंबरमध्ये रंगवलीय.

सुळे मोजा, वर कोण बसलंय बघा

दोन सुळे असतील तर बहुधा साधा हत्ती. चार दिसले तर ऐरावत, समुद्रमंथनातून निघालेला इंद्राचा हत्ती. सहा दिसले तर बौद्ध गोष्ट, त्याच्याकडे पुढे येतोच. अर्थात तुटलेल्या शिल्पात सुळे मोजता येत नाहीत, मग स्वाराकडे बघा. हातात वज्र असलेला मुकुटधारी म्हणजे इंद्र, आणि तो मंदिराच्या पूर्व बाजूला असेल तर खात्रीच, कारण पूर्व दिशा त्याची. सात बायका रांगेत बसल्यात आणि एकीच्या खाली हत्ती आहे तर ती ऐंद्री, सप्तमातृकांपैकी. वेरूळला अशा रांगा बऱ्याच लेण्यांत आहेत आणि रांगेच्या टोकाला बहुतेक वेळा गणपती असतो.

पण हत्तीवर बसला म्हणजे इंद्रच असं करू नका. वेरूळच्या ३२ नंबर लेणीला इंद्रसभा म्हणतात ते याच घाईतून. तिथं हत्तीवर बसलेला एक जण आणि सिंहावर बसलेली एक देवी आहे, लोकांना वाटलं इंद्र आणि इंद्राणी. लेणी जैन आहे. हत्तीवरचा यक्ष आहे आणि देवी अंबिका, तिच्या डोक्यावर आंब्याचं झाड आहे बघा. आजूबाजूला तीर्थंकर बसलेत हे आधी बघितलं असतं तर घोळ झालाच नसता. म्हणून नियम असा, एका मूर्तीवरून ठरवायचं नाही, सगळ्या खोलीभर नजर फिरवायची आणि मगच बोलायचं.

भाज्याच्या विहारातही असाच प्रश्न आहे. दाराच्या उजवीकडे एक भलामोठा हत्ती, त्यावर स्वार, आणि हत्तीनं सोंडेत मुळासकट झाड उपटून धरलंय, खाली माणसं अगदी चिमुकली. बहुतेक ठिकाणी इंद्र आणि ऐरावत असंच सांगतात, काही अभ्यासक मांधाता राजाची गोष्ट म्हणतात. मला स्वतःला दोन्ही वाचल्यावर ठरवता आलं नाही, पण उपटलेलं झाड बघून वळवाचा पाऊस आठवतो एवढं नक्की.

गोष्ट चालू आहे का ते ओळखा

एकाच चौकटीत तोच हत्ती दोनदा दिसला तर गोंधळू नका, तो काळ पुढे सरकतोय. याचं सगळ्यात सोपं उदाहरण नालागिरी. देवदत्तानं राजगृहाच्या रस्त्यावर पिसाळलेला हत्ती बुद्धावर सोडला आणि तो बुद्धासमोर शांत झाला, ही गोष्ट. आंध्रातल्या अमरावतीच्या एका गोल शिल्पात डावीकडे हत्ती माणसं तुडवत सुटलाय आणि उजवीकडे तोच गुडघे टेकून बसलाय, मधे रेघ सुद्धा नाही. अजिंठ्याच्या १७ नंबरच्या ओसरीतही ही गोष्ट रंगवलीय. खिडकीतून घाबरून बघणारी माणसं शोधा, त्यांच्या चेहऱ्यांवरून पुढं काय होणार ते कळतं.

बाई झोपलीय आणि तिच्या वर हत्ती तरंगतोय असं दिसलं तर मायादेवीचं स्वप्न. पांढरा हत्ती कुशीत शिरला आणि बुद्धाची गर्भधारणा झाली. भारहूतच्या शिल्पात तर वर ब्राह्मी अक्षरांत "भगवतो ऊक्रंति" असं लिहूनच ठेवलंय, म्हणजे भगवंतांचं उतरणं, ते आता कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये आहे. इथं हत्ती भार पेलत नाही की पाणी ओतत नाही, तो स्वतःच बुद्ध आहे. ओडिशात धौलीला अशोकाच्या शिलालेखाच्या वर खडकातून हत्तीचा पुढचा भाग बाहेर आलाय, आणि डेहराडूनजवळ कालसीला लेखाशेजारी हत्तीची रेघांची आकृती आहे आणि खाली "गजतमे" म्हणजे हत्तींत श्रेष्ठ असं लिहिलंय. बुद्धाची मूर्ती घडवायची पद्धत नव्हती त्या काळात हत्तीही त्याच्या जागी उभा राहायचा.

आणि आता सहा सुळ्यांचा छद्दंत. ही गोष्ट माहीत असल्याशिवाय अजिंठ्याच्या १० नंबरमध्ये शिरू नका. हिमालयात सहा सुळ्यांचा हत्तींचा राजा, त्याच्या दोन राण्या, धाकटीला वाटतं की त्याचं थोरलीवरच जास्त प्रेम आहे, त्या रागात ती मरते आणि पुढच्या जन्मी काशीची राणी होते. मग ती शिकाऱ्याला पाठवते की त्याचे सुळे आण. शिकारी भिक्खूची वस्त्रं घालून लपतो, बाण मारतो, हत्ती त्याला सहज चिरडू शकला असता पण अंगावरची वस्त्रं बघून थांबतो, आणि शिकाऱ्याला सुळे कापता येईनात तेव्हा स्वतः सोंडेत करवत धरून कापून देतो. सुळे राणीसमोर येतात आणि ती कोसळते. १० नंबरमधलं चित्र इसवीसनाच्या आधीचं आहे, उजव्या भिंतीवर, खूप पुसट, त्यावर लोकांनी नावं सुद्धा कोरलीत, बघून जीव तुटतो. आधी जंगलातला हत्तींचा कळप शोधा, मग कोसळणारी राणी. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला पाचेक मिनिटं द्या, मग एकेक हत्ती भिंतीतून वर येतो. हीच गोष्ट १७ मध्ये पाचव्या शतकात परत रंगवलीय, दोन्ही एकाच दिवशी बघा, मधे पाचशेपेक्षा जास्त वर्षं गेलीत आणि हत्तीचं अंग, त्याचं वजन, त्याचे डोळे तेवढ्याच मायेनं काढलेत.

१७ मध्येच आंधळ्या आईला सांभाळणाऱ्या हत्तीची गोष्ट पण आहे. राजानं पकडून नेल्यावर तो खायचंच सोडतो, आई तिकडे उपाशी आहे म्हणून. मी दरवेळी आधी तिथं जातो.

हत्ती खाली पडलाय आणि वर कोणीतरी आहे

शिव नाचतोय किंवा झेपावतोय आणि त्याच्या मागे कातडं ताणलेलं आहे, वर कोपऱ्यात हत्तीचं डोकं लटकतंय, तर ते गजासुराचं कातडं. त्यावरून शिवाला कृत्तिवास म्हणतात, कातडं पांघरणारा. घारापुरीला अंधकासुरवधाच्या शिल्पात बघा, आधी शिवाचा रागावलेला चेहराच दिसतो, मग नजर वर गेली की हत्तीचं डोकं दिसतं. इथं हत्ती म्हणजे मद, माजलेली ताकद. याच्या उलट गजेंद्रमोक्ष, तिथं हत्ती तळ्यात अडकलाय, सोंडेत कमळ आहे आणि विष्णू गरुडावरून येतोय, तो हत्ती भक्त आहे. देवगडच्या, म्हणजे उत्तर प्रदेशातल्या, दशावतार मंदिरातलं हे शिल्प फार सुंदर आहे.

सिंहाखाली हत्ती दाबलेला असेल तर गजसिंह. कोणार्कला दारातच आहे. यावर एक थिअरी सगळीकडे ऐकू येते की सिंह म्हणजे हिंदू धर्म आणि हत्ती म्हणजे बौद्ध धर्म, त्यानं याला हरवलं. मला हे अजिबात पटत नाही. बुद्धालाच शाक्यसिंह म्हणतात, सारनाथच्या स्तंभावर सिंह बसलेत, आणि हत्ती तर कैलास मंदिर पाठीवर घेऊन उभाय. सिंह-हत्ती ही ताकदीची भाषा आहे, मोठ्यावर भारी पडणारा. आपल्या किल्ल्यांवर तेच आहे. जंजिऱ्याच्या दारावर एका वाघासारख्या प्राण्यानं पायांत चार, शेपटीत एक आणि तोंडात एक असे सहा हत्ती धरलेत, त्याचा धर्माशी काय संबंध, तो येणाऱ्या शत्रूला निरोप आहे.

जाण्याआधी

सोंड दिसली म्हणजे हत्तीच असंही नाही. सोंड हत्तीची पण जबडा मगरीचा असेल तर तो मकर, तोरणाच्या टोकांना असतो.

अजिंठा सोमवारी बंद आणि वेरूळ मंगळवारी बंद, हे ठरवून मगच तिकिटं काढा. अजिंठ्यात फ्लॅश चालत नाही आणि चालू पण नये, रंग जातात. दुर्बीण असेल तर न्या, कार्ल्याच्या खांबांवरचं तिच्याशिवाय नीट दिसत नाही. पहिल्यांदाच जात असाल तर एका दिवसात सगळं करू नका, फक्त हत्ती बघायचे असं ठरवून जा, बाकी सगळं आपोआप मधे येतं. वहीत प्रत्येक हत्तीसाठी एक ओळ लिहा, जागा आणि काम, अर्थ घरी येऊन लिहा. लेण्याद्रीला गेलात तर गिरिजात्मजाचं दर्शन घेऊन झाल्यावर मागे वळून त्या खांब नसलेल्या मोठ्या दालनाकडे आणि बाजूच्या खोल्यांकडे पण बघा, तो मुळात बौद्ध भिक्खूंचा विहार आहे.

मुंबईकरांना सुरुवात घराजवळच करता येईल. घारापुरीच्या बेटावर जो दगडी हत्ती बघून पोर्तुगीजांनी एलिफंटा नाव दिलं तो आता भायखळ्याला राणीच्या बागेत, भाऊ दाजी लाड म्युझियमच्या बाहेर आहे. १८६४ मध्ये तो इंग्लंडला न्यायला निघाले होते, उचलताना पडून त्याचे तुकडे झाले, मग १९१४ मध्ये ते परत जोडले. जोड अजून दिसतात. पोरांना घेऊन जा, आणि तो मूळ कुठं उभा होता, कोणाकडे तोंड करून, हे त्यांनाच ओळखायला सांगा.